भिंत वाजवणारा

हिंगोलीत वायफाय नवं होतं, तेव्हा आमच्या गल्लीला तो एकच मेकॅनिक. वाकवलेल्या बोटानं भिंत टकटक वाजवायचा, कान लावायचा आणि सांगायचा, "दीड हात दगड हाय. डबा इथं लावा, रेंज आत जाईल, बराबर." कधी चुकला नाही. शेजारच्यांकडं तर चहा पीत पीत पार स्वयंपाकघरापर्यंत भिंती वाजवत गेला.

मग आमच्याकडं आला. दारातूनच त्याला बैठकीतला बुद्धाचा फोटो दिसला. आईनं पाणी पुढं केलं.

"आत्ताच पिऊन आलो, मावशी."

चप्पलही काढली नाही. ओसरीवरच डबा ठोकला आणि म्हणाला, "भिंत लई जाड हाय. आत रेंज जात न्हाई."

एकही भिंत न वाजवता! माझं डोकंच फिरलं. तो गेल्यावर मी डबा उपटला, मधल्या खोलीत लावला. मागच्या खोलीत बहिणीच्या कॉम्प्युटरवर नेट धडाधड चालू झालं.

पुढं एकदा तो दारावरून जाताना मी त्याला हे मुद्दाम ऐकवलं.

"एवढ्या जाड भिंतीतून? असं कसं व्हईल?"

मी दार सताड उघडलं. "या ना. आत येऊन वाजवून बघा."

"जरा गडबडीत हाय," तो म्हणाला, आणि बाहेरूनच आमची भिंत टकटक वाजवली.