सिमेंटचं खळं आणि आईचं बदक

आमच्या खळ्यात भर दुपारी कोणीतरी पेटणं मारत होतं. तेही आई जाऊन दहा महिने झाल्यावर.

पेटणं म्हणजे दांड्याची लाकडी थापी. पावसाळा सरला की घरापुढचं अंगण, आमच्याकडचं खळं, खणायचं, माती सारखी करायची, पाणी शिंपडून पेटण्याने चोपायची आणि वर शेणाने सारवायचं. हे काम आई करी. जेवून सगळी आडवी झाली की ती बाहेर जायची. तिचा उजवा खांदा धरलेला असे, म्हणून एक फटका मारला की थोडी थांबे. थप. मग काहीच नाही. मग थप. त्या तालावर मी चाळीस वर्षं दुपारच्या झोपा काढल्या. एकदाही उठून पेटणं तिच्या हातातून घेतलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, नंतर सांगायला जड जाईल.

आई गेली आणि मी खळ्याला सिमेंट केलं. घरातल्या दोन खोल्या मी मालवणात फिरायला येणाऱ्यांना देतो, त्यांच्या गाड्या मातीत रुतायच्या. चाकं घसरू नयेत म्हणून ओल्या सिमेंटवर खराट्याने रेघाही ओढून घेतल्या. पाहुण्यांना समुद्र दाखवायच्या आधी मी माझं खळं दाखवत असे.

आईच्या मागे तिचं एक बदक राहिलं होतं. पांढरी मादी, आठवड्याच्या बाजारातून पिशवीत घालून आणलेली. शेवटच्या दिवसांत आईने माझ्याकडून एवढंच कबूल करून घेतलं.

"बदकाक बघ रे. ता तुका काय्येक सांगूचा नाय."

"बघतंय," मी म्हटलं. तेव्हा मी मोबाईल बघत होतो.

तर पेटण्याचा आवाज. पहिल्यांदा तो बायकोला ऐकू आला. ती उठून बाहेर गेली. खळ्यात पाहुण्यांची गाडी, तुळस आणि गाडीच्या सावलीत डोळे मिटून बसलेलं बदक. बाकी कोणी नाही. ती परत येऊन आडवी झाली, आणि थप.

"आयकलात?"

"नारळ पडलो."

"एकामागून एक?"

चौथ्या दिवशी गडग्यापलीकडच्या, म्हणजे दगडी कुंपणापलीकडच्या, शेजारच्या काकीनेही ऐकलं. तिने आईबरोबर उभा जन्म काढलेला. गडग्यावर कोपर टेकून ती म्हणाली, "म्हातारी इली. तिच्या खळ्याक तू सिमेंट केलंस मां? चोपीत बसली आसा बिचारी. दबाचा नाय ता. वाडी दाखव तिका."

गेलेल्या माणसासाठी पानावर जेवण वाढून बाहेर ठेवायचं, ती वाडी. अवसेला आम्ही केळीच्या पानावर वडे, भात आणि आईच्या आवडीचं बांगड्याचं तिखलं वाढून खळ्याच्या कडेला ठेवलं आणि दार लोटून आत बसलो. थोड्या वेळाने पाहिलं तर पान लख्ख. बायकोने हात जोडले. मी जरा रडलोही. काकी म्हणाली, "धादोस झाली." म्हणजे तृप्त झाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी थप.

आता मात्र मी ठरवलं की बघायचंच. जेवण झाल्यावर पन्नाशीचा मी, पोट सांभाळत, खिडकीच्या खालच्या फटीशी पालथा पडलो. आई दिसली तर तिला काय म्हणायचं, हे मी खरोखर जुळवत होतो. सिमेंटचंच आधी काढीन, की सरळ पाया पडेन?

गाडीच्या सावलीतून बदक उठलं. इकडेतिकडे पाहिलं. मग वाडीचं पान होतं त्या कोपऱ्याकडे निघालं. उजवा पाय सगळ्या अंगाचा भार घेऊन सिमेंटवर आपटत होता. थप. डावा टेकतो न टेकतो. मग काहीच नाही. मग थप.

मी खोकलो. ते तिथल्या तिथे बसलं, असा चेहरा करून की जन्मात कधी चाललंच नाही.

वाडी कोणी खाल्ली तेही कळलं.

उचलून उलटं केलं तर डाव्या तळव्याला चिंचोक्याएवढी काळी खपली, आणि भोवतीचा भाग टम्म सुजून गरम.

पेटाऱ्यात घालून दुसऱ्या दिवशी रिक्षा केली. रिक्षावाल्याने आत डोकावून विचारलं, "कापूक न्हेतास?"

"दवाखान्यात."

पिंपळापाशी तो मागे वळला. मग म्हणाला, "माणसांच्या?"

"गुरांच्या."

"मगे बरां."

डॉक्टरीणबाई तरुण, घाटावरच्या. त्यांनी माझ्याच पंचात बदक गुंडाळलं, डोळ्यांवर पदर ओढावा तसा पंचा ओढला, आणि ते गप्प झालं. "कशावर चालते ही?"

"सिमेंटवर," मी अभिमानाने सांगितलं. "नवीन केलंय. खराट्याने रेघा ओढून."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "त्या रेघांनीच तळवा सोलला. मग घाण आत शिरली." कोमट पाण्यात खपली मऊ करून त्यांनी ती काढली आणि आतून हरभऱ्याच्या डाळीएवढा घट्ट पिवळा पू ओढून काढला. जखम तांबड्या औषधाने धुऊन पट्टी बांधली. "हे हाडापर्यंत गेलं तर पाय जाईल आणि मागोमाग बदकही. महिनाभर तरी दुखत असेल. तुम्हाला दिसलं नाही?"

"माणूस आलं की ती बसते."

"पक्षी दुखणं लपवतात. आपणच बघायचं असतं. आणि आधी ती जमीन बदला."

घरी आल्यावर मी खळ्यात उभं राहून सगळा प्रयोग करून दाखवला. बदकाची चाल, बदकाचा चेहरा, गडग्यावरच्या काकीची नक्कलसुद्धा काकीसमोर. काकी डोळे पुसत हसली. बायकोही हसली, मग थांबली.

"डॉक्टरणीकडे किती वाजता होतात?"

"बाराक पोचलंय. दीडाक सुटलंय." मी अजून एका पायावर होतो.

"बदक तुमच्याबरोबरच होता?"

"मगे खंय असतला?"

"मगे एक वाजता खळ्यात थप थप कोण करीत होता?"

मी पाय खाली ठेवला. काकीने गडग्यावरून कोपर काढले आणि ती घरात गेली.

त्यावर आम्ही पुन्हा बोललो नाही. रोज संध्याकाळी कोमट मिठाच्या पाण्यात बदकाचा पाय बुडवायचा, ते माझं मनगट चावून काळंनिळं करायचं, मग औषध, कापड, चिकटपट्टी, आणि खाली माझ्या जुन्या स्लिपरचा कापलेला तुकडा. पडवीत पेंढा घातला. आठवड्यात सूज उतरली. आनंदाने मी त्याला खळ्यात सोडलं. अर्ध्या तासात स्लिपर निसटली आणि सिमेंटवर रक्ताचे ठिपके तुळशीपर्यंत गेले.

डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "मी जमीन बदला म्हटलं होतं."

दुसऱ्या सकाळी मी घण आणि पहार काढली. तीन दिवस लागले. फुटलेलं सिमेंट गड्यांनी उचलून नेलं, खाली तीच लाल माती, आईने चोपलेली, अजून दगडासारखी. ती खणून सैल केली, पाणी शिंपडलं. बायकोने माळ्यावरून पेटणं खाली आणून माझ्या हातात दिलं. दांडा हाताच्या जागी गुळगुळीत झालेला.

मी जोरात धोपटायला लागलो.

"हळू," बायको म्हणाली. "तुमची आवस थांबान थांबान मारी."

"तिचो खांदो दुखा."

"तुमका म्हायत होता?"

पेटणं उचललं. थप. मग थांबलो. माझा खांदा ठणठणीत होता, तरी थांबलो.

काकी गडग्याशी येऊन उभी राहिली होती.

महिन्याने पट्टी सुटली. तळव्यावर फिकट गुलाबी कातडी आली. बदक सारवलेल्या खळ्यावरून दोन्ही पाय सारखे टाकत तुळशीपर्यंत गेलं आणि परत आलं. मातीवर त्याच्या पायाचा आवाज येत नाही. पाहुण्यांच्या गाड्या आता बाहेर फणसाखाली उभ्या राहतात, आणि का म्हणून विचारलं तर मी बदक दाखवतो. त्याला मान मिळतो, मला प्रयोग करायला मिळतो.

दुपारी मात्र मला झोप लागत नाही.

"निजलात?" बायको कुशीवर वळून विचारते.

"नाय."

"आयकतात?"

"होय."

"आवाज येता काय?"

"नाय."

मग म्हणते, "बदक बघून येवा एकदा." आणि मी उठतो.