एक चिंचोका कमी

सन २००३. मी सदुसष्ट वर्षांचा. जाळं खांद्यावर टाकून तलावावरून येत होतो, तर माझी नात वैशू रस्त्यातच रडत उभी. "आबाजी, निर्मलाबाई गेल्या." आमच्या बालवाडीच्या बाई. ताप भरला, आरमोरीच्या दवाखान्यात नेलं, तिथून बाई जिवंत परत आल्या नाहीत. मला रडू आलं नाही. त्या बाईवर मी कधी धड विश्वासच ठेवला नव्हता.

मी तिसरीपर्यंत शिकलेला, पण सरकारी माणूस ओळखायला तेवढं पुरते. वैशू पाच वर्षांची असताना बाई तिला घरचा अभ्यास द्यायच्या. पाटी नाही, पेन्सिल नाही... घरात कोंबड्या किती, पाण्याचे गुंड किती ते मोजायचं आणि तेवढे चिंचोके न्यायचे. मी म्हटलं, नेमक्या कोंबड्याच काऊन? तेव्हा गरिबांच्या पिवळ्या राशन कार्डासाठी घरोघर मोजणी सुरू होती, घरात जास्त दिसलं की कार्ड जायचं, आणि रजिस्टर घेऊन फिरणारी हीच बाई. मोठे सांगत नाहीत म्हणून लेकरांना फोडून राह्यली असेल. वैशूला जवळ घेऊन बजावलं, "बाईनं काईबी मोजाले लावलं का एक कमी सांगाचा. घरातली गोष्ट बाहेर नाई नेत." कोंबड्या सहा, तर मी तिच्या मुठीत पाच चिंचोके द्यायचो. सहावा माझ्या बंडीच्या खिशात.

मग पहिलीत नाव घालायला गेलो. मास्तरांनी चार बोटं दाखवली. वैशू म्हणे, "तीन." सात खडू मांडले, तर "सहा." मास्तर म्हणाले, "पोरगी कच्ची हाय, भाऊ. आणखी एक वर्ष बालवाडीतच बसू द्या." खरं बोललो असतो तर दहा जणांसमोर माझीच इज्जत गेली असती. वरून मनात आलं, बाईनंच मास्तरांचे कान भरले असतील.

संध्याकाळी बाई अंगणात हजर. "भाऊ, चुकणारं लेकरू कधी जास्त सांगते, कधी कमी. वैशू दरवेळी एकच कमी सांगते. तिले येते. कोणीतरी शिकवलं हाय."

"मी शिकवलं म्हणता का?"

"मी कुठी तुमचं नाव घेतलं?" बाई हसल्या. "पाच वर्षांची पोर वजाबाकी करते! घरी मास्तर चांगला दिसते." मग वैशूला म्हणाल्या, "बाळ, कोंबड्या किती?" पोरगी माझ्या तोंडाकडे पाहत राहिली. ओठ हलत होते, आवाज नाही... "भाऊ, जरा पाठ फिरवता का?" माझ्याच अंगणात मलाच पाठ फिरवायला सांगते! राग आला. पण फिरवली. मागून आवाज आला, "सहा."

बाईंनी दुसऱ्याच दिवशी मास्तरांना गाठलं, वैशू पहिलीत बसली. माझं कार्डही गेलं नाही. तरी मी महिनाभर कानोसा घेत होतो, बाई कोणापाशी काय बोलते. ती कोणापाशीच बोलली नाही. यात तिचा काय फायदा होता, ते मला आजही समजलं नाही. पुढची चार वर्षं घरासमोरून जाता-जाता विचारायची, "काय मास्तर, कोंबड्या किती झाल्या?" मी म्हणायचो, "असतील." शिकवणारा मीच होतो, एवढं एक वाक्य काही माझ्या तोंडून निघालं नाही...

बालवाडीत खिडकीखाली लेकरांचे चिंचोके टाकायचा तिचा डबा अजून आहे. ती गेल्याची बातमी आली, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरच्या कोंबड्या मोजल्या, नऊ झाल्या, आणि तिकडे गेलो. मदतनीस झाडत होती. "भाऊ, काय करून राह्यले?" मोठ्यानं, एकेक मोजत, डब्यात नऊ चिंचोके टाकले.