वायरीला आलेला ताप

लेकाच्या खोदाईच्या मशीनची चावी फिरवली की ते नुसतं टक् करायचं आणि गप्प बसायचं. नवी बॅटरी टाकली, तरी तेच. ड्रायव्हरच काहीतरी बिघडवतो असं माझं मत झालं. मी त्याच्यासमोरच लेकाला सांगितलं, "उद्यापासून ह्याला कामावरून बंद कर."

त्याच दिवशी ढोकीहून वायरिंगचा मिस्त्री आला. कानावर बिडी, पायात दोन रंगांच्या चपला. आल्या आल्या त्याने काही उघडलं नाही. ड्रायव्हरला चावी फिरवायला लावून तो एकेका वायरीच्या टोकाला उलटा हात लावत गेला, लेकरांचा ताप बघतात तसा. एका जागी थांबला.

"हिला ताप हाय."

ती अर्थिंगची जाड वायर होती. बोल्ट सोडला तर खाली हिरवा गंज, आणि गंजात हळदीकुंकू.

"आजी, हितं नारळ कोण फोडतंय?"

"मीच. दर अमावास्येला. का?"

"पाणी समदं हिच्यात मुरलंय. देवाला पोचलंच न्हाय."

लेक हसला. ड्रायव्हरने हसू दाबलं. मला राग आला, पण मिस्त्री खोटं काय बोलला होता?

त्याने ती जागा घासून लख्ख केली, बोल्ट आवळला, वरून ग्रीस लावलं. मशीन एका झटक्यात सुरू झालं. चहा पिऊन तो गेला. नाव मी विचारलं नाही.

माफी मागायला मला जमत नाही. ड्रायव्हरला म्हटलं, "सकाळी लवकर ये. आन् ह्या अमावास्येला नारळ तू फोड, जागा बघून."