आप्पांच्या इंजिनाची कोरी बाजू

मंडळी, आज दुपारपासून मी नुसती हसतेय. ऐका.

आमचे आप्पा बेळगावजवळच्या मच्छे गावातल्या एका कारखान्यात फिटर होते. ऐंशीच्या दशकात बेळगावच्या कॅम्पातल्या दुकानात, जुन्या कॅलेंडरवर त्यांना रेल्वेच्या ब्रिटिश डिझेल इंजिनाचं चित्र दिसलं. ते मागून आणलं आणि पितळी पत्र्याचं हातभर इंजिन केलं. जाळ्या, पायऱ्या, काचेवरचे वायपरसुद्धा हुबेहूब! पण एकाच बाजूला. दुसरी बाजू सपाट, कोरी.

आई म्हणायची, "हिकडंबी तशीच करा की."

"चित्रात ही बाजू दिसत न्हाय. न बघता कसं करू? खोटं व्हतंय ते."

आज निपाणीहून माहेरी आले, तर इंटरनेटवर त्याच इंजिनाच्या दुसऱ्या बाजूचा फोटो सापडला. आप्पांना मोबाईलवर मोठा करून दाखवला. जाळ्या खरंच वेगळ्या जागी होत्या!

आप्पांनी ऐंशी कधीच ओलांडलीय. फोटो बघून म्हणाले, "माझी कानस कुठाय गं?"

ती पत्रा घासायची कानस सापडली, पण पार गंजलीय. बारीक कामाची कानस बेळगावात कुठं मिळंल, कुणाला ठाऊक हाय का? आप्पा इंजिन पुढ्यात घेऊन, चष्मा लावून बसलेत.