महाडच्या मिस्त्रींचा सेन्सर

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. दारातला दिवा संध्याकाळी आपोआप कसा लागतो, असं कुणी विचारलं की मी सगळं समजावून सांगतो. पण मला ते कुणी शिकवलं, इथवर आलो की विषय बदलतो.

मी पोलादपूर तालुक्यातल्या एका शाळेत विज्ञान शिकवायचो. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरली असताना मायक्रोकंट्रोलरचा, म्हणजे प्रोग्राम भरता येणाऱ्या चिपचा, नाद लावणारं एक छोटं बोर्ड हाती आलं. ते दिलं महाडच्या मिस्त्रींनी. आखातात नोकरी करून परतलेले, रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवणारे. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या गावांतल्या, सगळ्या शाळांचे टेप आणि टीव्ही दुरुस्तीला त्यांच्याकडेच जात. एका गुरुजींनी चांगलं म्हटलं की बाकीचे डोळे मिटून तिथेच जायचे, अशी आमची रीत.

बोर्डासोबत त्यांनी दिलेला प्रकाश ओळखणारा सेन्सर हरभऱ्याच्या डाळीएवढा, वर नागमोडी रेघ. मी तो सरळ बोर्डाला जोडला. संगणकावर आकडा एकच, हलेचना. रविवारी एसटीने महाड गाठलं.

"गुरुजी, एकटा सेन्सर काय सांगणार?" मिस्त्री म्हणाले. "त्याच्या खाली रेझिस्टर लावा आणि दोघांच्या मधनं तार काढा. मग बघा, बोलतो का नाय."

बोलला. सेन्सरवर हात धरला की आकडा घसरायचा, काढला की चढायचा. छप्पन्नाव्या वर्षी मी दुकानातल्या स्टुलावर बसून पुन्हापुन्हा हात धरत होतो. मिस्त्रींनी गिऱ्हाईक थांबवून ठेवलं, पण मला उठवलं नाही. शिकणाऱ्याला किती वेळ द्यावा, हे मी तिथे पाहिलं. तीस वर्षं शिकवूनही मला ते जमलं नव्हतं.

अंधार झाला की दिवा लागेल असं यंत्र बनवून मी ते केंद्राच्या बैठकीत नेलं. खिडक्या लावल्या. दिवा लागला, विझला, लागला, विझला.

"गुरुजी, दिवाळीची माळ आणलीत काय?" मागून कुणीतरी म्हणालं. सगळे हसले.

माझे कान तापले. मी म्हणालो, "सेन्सर खराब आहे. महाडच्या मिस्त्रींनी जुना माल माझ्या गळ्यात मारला."

पुढच्या रविवारी तेच यंत्र मिस्त्रींपुढे ठेवलं. त्यांनी ते एकदा चालवलं आणि हसले. "तुम्ही सेन्सर दिव्याच्या तोंडासमोर बसवलाय. दिवा लागला की त्याला वाटतं, उजाडलं. मग तो दिवा विझवतो." सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून त्यांनी सेन्सरवर नळीसारखा चढवला आणि सेन्सरचं तोंड खिडकीकडे वळवलं. दिवा स्थिर झाला. मग चहा मागवला.

पुढच्या बैठकीत दिवा नीट चालला. टाळ्या पडल्या. एका शिक्षकाने विचारलं, "नवा सेन्सर घेतलात ना?"

मी मान डोलावली.

तेवढंच. पण शाळांची कामं हळूहळू दुसऱ्या दुकानात जाऊ लागली. मिस्त्री एकदा म्हणाले, "गुरुजी, हल्ली शाळांचं काय येत नाय. सगळ्यांनी नवं घेतलं वाटतं."

"असेल," मी म्हणालो.

त्यानंतरही ते मला शिकवत राहिले. निवृत्तीनंतर तोच सेन्सर लावून घराच्या दारासाठी दिवा करायला घेतला, तेव्हा त्याची जोडणी त्यांनीच तपासून दिली. माझ्या पत्नीला तिन्हीसांजेला कमी दिसायचं. त्या दिव्याच्या उजेडात ती शेवटपर्यंत एकटी गोठ्यात जाऊन येत असे. किती वेळा मनाशी ठरवून दुकानात गेलो आणि तारांबद्दलच बोलून परतलो. मग दुकान बंद झालं. ते मुलाकडे आखातात गेले, आणि तिकडेच वारले, असं कळलं.

ट्यूबचा तो तुकडा अजून सेन्सरवर आहे. म्हणून आता लिहून ठेवतो. मिस्त्री, तुमचा सेन्सर चांगला होता. तो दिव्यासमोर मीच बसवला होता, आणि हे मला कळल्यावरही मी मान डोलावली. मला माफ करा.