घासाघीस न करणारं गिऱ्हाईक

आष्टीच्या बाजारात माझा चेहरा एखाद्याला आठवणार नाही, पण आवाज गल्लीतली कुत्रीसुद्धा ओळखतात. अर्धं आयुष्य मी रिक्षावर भोंगा बांधून गावोगाव ओरडत फिरलो. साड्यांचा सेल, डोळ्यांचं शिबिर, उद्या नळाला पाणी नाही, हरवलेली म्हैस. म्हशीची बातमी तर अशी द्यायचो की बाया पदर डोळ्यांना लावायच्या. मग एका दुकानदाराने माझा आवाज मोबाइलमध्ये भरून घेतला आणि वर चहा पाजला. तेव्हापासून त्याची रिक्षा माझ्याशिवाय फिरू लागली. बाकीच्यांनी तेच केलं. माझ्या आवाजानेच माझं काम खाल्लं, तेही एकेका चहावर.

पुण्यात शिकणाऱ्या भाचीला हे बघवेना. ती म्हणाली, "मामा, आवाजाचं काम ऑनलाइन मिळतं. घरातून पाठवायचं." तिने एका साइटवर माझं खातं उघडलं, लग्नातला फेटेवाला फोटो लावला आणि एका रिकाम्या चौकोनापाशी थांबली.

"दर काय टाकू?"

"टाक, तुमच्या मनाला येईल ते द्या."

"आकडा लागतो, मामा."

इथेच घोडं अडलं. आमच्याकडे भाव विचारला की आपण म्हणायचं, तुम्ही काय परके आहात का. काम झाल्यावर समोरचा देईल ते खिशात घालायचं आणि घरी येऊन आठवडाभर त्याच्या नावाने कुरकुरायचं. ही सगळी पद्धत त्या चौकोनात मावेना. शेवटी तिने लिहिलं, 'चर्चेनुसार'.

थोड्याच दिवसांत ठिबकचे पाइप विकणाऱ्या एका कंपनीचा निरोप आला. कपाटात डोकं घालून, चार गोधड्या अंगावर ओढून रेकॉर्ड केलेला माझा नमुना त्यांना आवडला होता. जाहिरातीचे किती घ्याल, असं विचारलं होतं.

मी तडक रस्ता ओलांडला. घरासमोर माझ्या शाळेतल्या दोस्ताचा फळांचा गाडा आहे. बाप-आजापासून त्यांच्या घरात फळांचाच धंदा, त्यामुळे भाव करण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात नाही. सीताफळांची पाटी रचता रचता त्याने विचारलं, "मनात किती हाय?"

"तीन हजार."

"मग सहा सांग."

"सहा म्हणजे लूट झाली की बे."

"सहा घ्यायचेत कुठं? तू सहा म्हणायचं, तो दोन म्हणंल. तू छातीवर हात ठिवायचा. तो निघून चालला की आवाज द्यायचा. चारला तुटंल. तुला एक जास्त मिळाला, त्याचे दोन वाचले. दोघं बी खूश."

आमच्या भागात रास्त भाव म्हणतात तो हा. दोघांचाही घाम निघाल्याशिवाय तो ठरत नाही.

मी सहा हजार लिहून पाठवले आणि आरशासमोर तालीम सुरू केली. छातीवर हात, डोळ्यांत थोडं पाणी, "साहेब, गळ्याला पण खर्च हाय." दुसऱ्यांदा हात छातीवर नेला आणि फोन वाजला. 'सहा हजार मान्य. आवाज कायमचा वापरता येईल ना?'

मी बायकोला वाचून दाखवलं. ती मेथी निवडत होती.

"मान्य म्हंजे?"

"म्हंजे मान्य."

"मग कमीच मागितले तुमी."

मलाही तसंच वाटलं. दुसऱ्याच क्षणी त्याच्या उलट भीती वाटली. मनातले तीन माझे, वरचे तीन घासाघिशीसाठी ठेवलेले. घासाघीस तर झालीच नाही, मग ते तीन कुणाचे? बिचाऱ्याला लुबाडलं की काय? त्या गोंधळात सवयीने बोटं चालू लागली, 'घ्या की साहेब कायमचा, आपलं घरचंच आहे.'

पाठवणार, तेवढ्यात मी बाहेरून ओरडलो.

"या ताई, या दादा! बालाघाटाचं गोड सीताफळ!"

दोस्ताच्या गाड्यावरचा भोंगा. मागे कधीतरी सीताफळांच्या एका पाटीच्या बदल्यात मी त्याला हा आवाज भरून दिला होता. तेव्हापासून मला ताप असो, सर्दी असो, मी त्याच्या गाड्यावर ओरडतोच आहे. तोंड मिटून घरात उभा राहिलो आणि स्वतःला फुकट ओरडताना ऐकलं.

लिहिलेलं पुसलं. नवं लिहिलं, 'सहा हजारांत एक वर्ष. पुढे वापरायचा असेल तर दरवर्षी तेवढेच.' त्या वरच्या तीन हजारांना आता मालक मिळाला होता, मीच. पाठवलं आणि बायकोला वाचून दाखवलं.

"गेलं गिऱ्हाईक," बायको म्हणाली.

फोन वाजला. 'योग्य आहे. वर्षाचा करार पाठवतो.'

मी खाटेवर बसलो. बायकोने मेथीची जुडी खाली ठेवली. "काम मिळालं का न्हाई?"

"मिळालं."

"मग तोंड कावून पाडलंय?"

"जरा तरी मागंपुढं करायचं त्यानं. छातीवर हात ठिवायची पाळीच आली न्हाई."

तिने खुंटीवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. "समोर जावा. तिथं ठिवा छातीवर हात."

मी गेलो. दोस्ताला म्हणालो, "तुझ्या भोंग्यातल्या माझ्या आवाजाचं भाडं थकलंय. वर्षाचे सहा हजार."

त्याने आधी भोंगा बंद केला, कारण मी दोन ठिकाणांहून बोलू लागलो की गिऱ्हाईक बिचकतं. मग छातीवर हात ठेवला. माझ्याआधी ठेवला.

"यार, लेकरंबाळं हायेत. एक पाटी ने."

मी वळलो आणि हळूहळू निघालो. रस्त्याच्या मधोमध आलो तरी हाक येईना. उसाचा ट्रॅक्टर हॉर्न मारत होता आणि मी चप्पल नीट करत होतो.

"ये बे, ये. मरशील. दोन पाट्या, घरपोच."

"दरवर्षी?"

"दरवर्षी. पण ते 'गोड' जरा लांबवून भरून दे."

"त्याचे येगळे," मी म्हणालो आणि छातीवर हात ठेवला.