पहिला उद्गार

माझी मावसबहीण कॉलेजसाठी उमरेडहून आमच्याकडे राहायला आली, तेव्हापासून आमच्या घरात माफी फार स्वस्त झाली. तिच्या हातून काही सांडतं, हरवतं, फुटतं. लगेच तिचे डोळे भरतात, "सॉरी ना वं मावशी" होतं आणि आई विरघळते. मला असं रडता येत नाही. माझं काही चुकलं की मी गप्प खोलीत जाते. आई म्हणते, "पाहा, किती घमेंड!"

यंदा उत्तम शुक्रवारसाठी, म्हणजे गुड फ्रायडेसाठी, आमच्या चर्चच्या पाळकांनी मला पहिला उद्गार दिला. त्या दिवशी आमच्या चर्चमध्ये प्रभूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर सात जण बोलतात. पहिला उद्गार क्षमेचा: 'हे बापा, त्यांना क्षमा कर.' मी आजवर चर्चमध्ये तोंड उघडलं नव्हतं, पण हा मला हवा होता. मला त्यात काहीतरी सापडलं होतं. प्रभू तिथे 'मी यांना क्षमा करतो' म्हणत नाही. तो पित्याला करायला सांगतो. खिळे ठोकले जात असताना कदाचित त्याला स्वतःला ते जमत नसेल.

मी इंग्रजी शाळेत शिकले. मराठी बोलायला उभी राहिले की अडखळते, म्हणून बहिणीसमोर सराव करायचे. ती उच्चार सुधारून द्यायची.

त्या आठवड्यात एका घरी प्रार्थनासभा होती. पाळकांनी आयत्या वेळी तिला दोन शब्द बोलायला सांगितलं आणि ती माझंच बोलली. खिळ्यांसकट. सगळे भारावले. पाळक म्हणाले, "हेच शुक्रवारी सांग." मग माझ्याकडे वळून, "तू बायबलमधला शास्त्रपाठ वाचशील ना?" मी मान डोलावली.

घरी आल्यावर ती रडलीच. "ताई, तोंडातून निघून गेलं वं. मी पाळकांना सांगते."

"नको," मी म्हणाले. तिने सांगितलं असतं तर तिच्या प्रामाणिकपणाचंही कौतुक झालं असतं.

आई म्हणाली, "कर ना वं माफ तिले. किती वेळा करायचं ते मोजायचं नसते."

"इट्स ओके," मी म्हणाले.

शुक्रवारी ती बोलली. मी तिसऱ्या बाकावर बसून, ती ते खिळ्यांचं वाक्य विसरावी म्हणून वाट पाहत होते. ती विसरली नाही. उलट त्याआधी क्षणभर थांबली. मला ते थांबणं सुचलं नव्हतं. बायकांनी पदर डोळ्यांना लावले. ती माझ्यापेक्षा चांगलं बोलली, हे मला सर्वात जास्त लागलं.

ईस्टरला प्रभुभोजन होतं, मेजाजवळ जाऊन भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी. मेजाजवळ जाण्याआधी, ज्याच्याशी बिनसलं असेल त्याचा हात हातात घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. तिने हात पुढे केला.

"केलं ना माफ?"

"नाही."

माझाच आवाज मला अनोळखी वाटला. रांग पुढे सरकली. मी बाकावर बसून राहिले. ती रांग सोडून परत आली आणि शेजारी बसली.

"तू काहून बसली? जा," मी म्हणाले.

"तू नाही येत तर मी कशी जाऊ?"

आता सगळे म्हणतील, पोरगी किती भली आहे. तिच्या न जाण्याचाही मला हेवा वाटला. आई मेजापासून परतताना आमच्याकडे पाहत होती. पाळकांनी विचारलं, "कोणी राहिलं का?"

मी उठले, तिचं मनगट धरलं.

"चल. पण राग गेला नाही माझा."

"बरं. मग पुढच्या भोजनाले परत विचारीन."

पुढच्या महिन्यातल्या प्रभुभोजनाला तिने खरंच विचारलं. "गेला का?"

"नाही," मी म्हणाले आणि तिच्याआधी हात पुढे केला.